माझा हिरवागार आलेख

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. दोन थोराड मशीन आणि त्यांच्या पोटात बिऱ्हाड करून राहिलेली वीसेक आभासी मशीन. आतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत. प्रत्येक विभाग लागते त्याच्या दुप्पट मेमरी मागतो. तेव्हा हात आखडता घ्यायची मला सवय लागली, आणि हळूहळू स्वभावच तसा झाला.

मागच्या वर्षी माल पाठवण्याचा प्रोग्राम दुपारी रांगायला लागला. गेटवर ट्रक खोळंबायचे. प्रोग्राम लिहिणारे आणि सांभाळणारे एकच गृहस्थ होते, कंत्राटावरचे, पन्नाशी उलटलेले. उमरेडच्या विणकरांचं घर; वडील मागावर बसायचे, हे कॉम्प्युटरवर बसले. मी त्यांना काका म्हणायचो.

"भाऊ, माह्या मशीनले मेमरी कमी पडून राहिली असं वाटते मले," ते म्हणायचे.

"काका, सोळा जीबी दिली ना तुमाले. हा मोठ्या मशीनचा आलेख पाहा, हिरवागार. तिथं कितीक मेमरी रिकामी पडली आहे. तुमच्या प्रोग्राममधीच काही असन."

हे मी तीन महिने ऐकवलं. मॅनेजरलाही ऐकवलं, तेही ठासून. मग ठरलं की काकांचं कंत्राट पुढे वाढवायचं की नाही, ते सोमवारच्या मीटिंगमध्ये बघू.

शुक्रवारी दुपारी काका माझ्या टेबलाशी आले.

"एक काम करा ना भाऊ. मोठ्या मशीनचं नका दाखवू. माह्यावाल्या एकट्या मशीनचं दाखवा. आमच्या बाबाले पूर्ण ताणा बरोबर दिसे, पन एखादा धागा ढिला राहेच. हात फिरवला तवा समजे."

मी नाक मुरडत त्यांच्या मशीनचं पान उघडलं, आणि तिथे फुगा दिसला. फुगा हा आमच्या धंद्यातला शब्द. मेमरी परत घ्यायची असली की मोठं मशीन आतल्या मशीनमध्ये एक फुगा फुगवतं. तो जागा अडवतो, बिचारं आतलं मशीन आपलं सामान डिस्कवर हलवतं आणि सगळं संथ होतं. पण मोठ्या मशीनवर एवढी मेमरी रिकामी असताना फुगा काहून?

त्याच पानावर खाली उत्तर होतं. मर्यादा, आठ जीबी. चार वर्षांपूर्वी मी एका साच्यावरून हे मशीन बनवलं होतं, आणि हावरट विभागांना लगाम म्हणून त्या साच्यात ही मर्यादा मीच घालून ठेवली होती. पुढे काम वाढलं म्हणून, प्रोग्राम रांगायला लागायच्या थोडं आधी, मेमरी आठची सोळा केली, पण मर्यादा काढायची विसरलो. मशीनला वाटत होतं सोळा आहे; हातात येत होती आठच.

मी मर्यादा काढली. थोड्या वेळात फुगा बसला आणि प्रोग्राम धावायला लागला.

"काय होतं भाऊ?" काकांनी विचारलं.

"काही नाही, थोडं ट्यूनिंग केलं."

ते माझे आभार मानून गेले. हुडकेश्वरला घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिच्यावरही उगाच चिडलो.

सोमवारी काका फाइल मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मॅनेजर म्हणाले, "आता प्रोग्राम नीट झाला. मग इतके दिवस तुम्ही करत काय होता?" काकांनी मान खाली घातली. ते मला बघवेना.

"साहेब, त्यांचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती. शुक्रवारीच कळली, आणि मी बोललो नाही."

मॅनेजरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि ते रास्तच होतं. काकांचं कंत्राट वाढलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांची माफी मागितली. ते फाइलची दोरी बांधायला लागले.

"मले वाटलं, आपलंच जुनं झालं आता," ते म्हणाले. "तुमी सांगत होते, आलेखही हिरवा होता. मंग मी धरमपेठेत क्लास लावला, प्रोग्रामिंगचा. पयल्यापासून शिकून राहिलो. पोरीच्या वयाचे लेकरं असतात, मी मागं बसतो."

त्यांनी दोरीची गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मंग आता क्लास सोडू का, भाऊ?"

एवढं होऊनही ते मलाच विचारत होते.