पलंगाची दांडी

डोमाजींनी जन्मभर एसटीत कंडक्टरी केली आणि जन्मभर माणसांवर संशय घेतला. अमरावती-अकोला मार्गावरच्या प्रवाशांनी त्यांचं नाव 'सीआयडी' ठेवलं होतं. अर्ध्या तिकिटाचं पोर ते आधी उभं करून पाहत. बोरगाव मंजूचं तिकीट काढून अकोल्यापर्यंत झोपेचं सोंग घेणारा त्यांना पाठमोरासुद्धा ओळखू येई. निवृत्त झाल्यावर हा गडी निवळेल असं लोकांना वाटलं, पण जित्याची खोड कुठे जाते? दूधवाल्याच्या मापात त्यांना खोट दिसे, वायरमनच्या हसण्यात दिसे. आणि गंमत बघा, हाच माणूस तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना पंच 'हरवला' सांगून घरी घेऊन आला होता. तिकिटाची यंत्रं आल्यापासून त्या पंचाला कुणी विचारत नव्हतं, म्हणून ते खपून गेलं.

त्या पंचाचा उपयोग आता एकच होता. दीड वर्षांची नात यशोधरा, म्हणजे यशू, संध्याकाळी बैठकीतल्या लोखंडी पलंगावर डबे-झाकणं घेऊन खेळत बसे. डोमाजी तिच्या पाठीमागे येऊन पलंगाच्या दांडीवर पंच आपटत. टक टक. यशू गर्रकन वळे आणि पुढचे दात दाखवून हसे. मग ते तिला मांडीवर घेत आणि जुन्या सवयीने थांबे म्हणत, "बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर..." यशू आपला पंजा त्यांच्या छातीवर ठेवून गप्प बसे. पोरगी किती जीव लावते, असं त्यांना वाटे, आणि बायको गेल्यापासून रिकामं झालेलं घर त्यांना तेवढा वेळ भरल्यासारखं वाटे.

सून प्रियदर्शनी पोस्टात नोकरीला होती. तिची रजा संपली आणि डोमाजींच्या गुडघ्यांना यशूची धाव झेपेना, तेव्हा पोरगी गल्लीच्या टोकाला जमुनाताईंच्या पाळणाघरात जाऊ लागली. तेव्हापासून डोमाजींच्या संशयाला नवं गिऱ्हाईक मिळालं.

कारणही तसंच होतं. शेजारच्या घरातलं यशूच्याच वयाचं पोरगं 'आबा', 'भूर', 'दे' असं बोलत होतं, आणि यशूच्या तोंडून 'अं अं' याच्या पुढे काही निघत नव्हतं. डोमाजींनी हिशेब लावला. घरी पोरगी टकटक केली की वळते, हसते. म्हणजे पोरीत खोट नाही. दिवसभर ती असते पाळणाघरात. म्हणजे खोट तिथेच आहे. लहानपणी त्यांनी शेतावर जाणाऱ्या बायांना तान्ह्या पोरांना अफू चाटवताना पाहिलं होतं. पोर झोपलेलं राही आणि निंदण होई. ही जमुनाही तेच करत नसेल कशावरून? रोज संध्याकाळी ते यशूचं तोंड हुंगत. वरण-भाताचा वास येई. तर त्यांना त्या वासाचाही संशय येई, कारण वरणाच्या वासाखाली काहीही लपतं.

एकदा जमुनाताईंनीच त्यांना दारात थांबवलं. "काका, घरी मोबाईल देता काय इले? हाक मारली तर पाह्यत नाही. आपल्याच नादात राह्यते."

डोमाजींचं टाळकं सटकलं. "माह्या घरात पोरीले कोनी मोबाईल देत नाई. तुमी काय देता ते सांगा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत ते घरी आले. प्रियदर्शनी म्हणाली, "बाबा, एकदा दवाखान्यात दाखवू ना. मलेही काळजी वाटून राहिली."

"पोरगी चांगली हाय. दाखवाचंच असन तं त्या जमुनाले दाखव," ते म्हणाले. दोन महिने हा विषय त्यांनी घरात पुन्हा निघू दिला नाही. सूनही बिचारी सासऱ्याच्या पुढे गेली नाही. पोरगी मुकीच राहत होती आणि घरातला सगळ्यात सावध माणूस भलत्याच दारावर पहारा देत होता.

संक्रांतीनंतर पाळणाघरात पोरांची लूट होती. बोरन्हाणाला आपल्याकडे लूटच म्हणतात. डोमाजी बोलावल्याशिवाय गेले आणि खिडकीच्या गजांपाशी उभे राहिले. सतरंजीवर पोरं बसली होती. जमुनाताईंनी त्यांच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे आणि गोळ्या ओतल्या आणि एकच झुंबड उडाली. तेवढ्यात एका पोराचा धक्का लागून ओट्यावरची पितळी परात पाठीमागे फरशीवर पडली. खणखणाट झाला. पोरं दचकली, दोघं रडायला लागली. यशू दूर कोपऱ्यात पाठ करून बसली होती. ती मान न वळवता बोरं वेचत राहिली.

डोमाजी तडक आत शिरले. "सापडली चोरी. पोरगी गुंगीत हाय. काय चाटवलं इले?"

जमुनाताईंचा चेहरा उतरला. "काका, देवाशपथ, काही नाही दिलं."

"थांबा, तुमाले दाखवतो. घरी कशी वळते ते पाहा." त्यांनी सवयीने खिशात ठेवलेला पंच काढला आणि खिडकीच्या गजावर आपटला. टक टक. सगळी पोरं वळली. यशू नाही. त्यांनी पुन्हा आपटला, जोराने. रडणारी पोरंही गप्प झाली. यशूने एक गुलाबी गोळी निवडून तोंडात टाकली.

"घरी तं लगेच पाह्यते," ते म्हणाले. आवाजातला कंडक्टर थोडा उतरला होता.

"घरी कुठं वाजवता?" जमुनाताईंनी साधंच विचारलं.

"पलंगाच्या दांडीवर."

"अन् ही कुठं असते?"

"पलंगावरच बस..."

हजारो प्रवाशांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला त्या क्षणी स्वतःची चूक सापडली. दांडीवर पंच पडला की सगळा पलंग थरथरायचा. पोरगी त्या थरथरीला वळत होती. आवाज तिच्यापर्यंत कधी गेलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत त्यांनी दोन महिने दवाखान्याची वाट अडवून धरली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ते तिथेच सतरंजीवर बसले. गुडघे दुखले, त्याची शुद्ध नव्हती. बोरं वेचता वेचता यशू वळली. आजोबा दिसताच ती बोरं टाकून धावत आली, मांडीत बसली आणि रोजच्यासारखा पंजा त्यांच्या छातीवर ठेवून वर पाहत राहिली. ती वाट पाहत होती.

डोमाजींना आता कळलं की रोज संध्याकाळी ही पोरगी त्या पंजाने काय ऐकत होती.

"जमुनाबाई, माह्या सुनेले फोन लावा," ते म्हणाले. "आजच दवाखान्यात जाऊ म्हनावं. अन् मले माफ करा."

मग त्यांनी तो चिमुकला पंजा छातीवर घट्ट दाबून धरला. शक्य तितक्या मोठ्याने त्यांनी सुरुवात केली. "बडनेरा. लोणी. मूर्तिजापूर."

यशू हसली.