ओझरकर काकांच्या कॉम्प्युटरचं खरं काय झालं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. खजराण्याच्या गणपतीसमोर उभी राहते तेव्हासुद्धा हा विषय सोडून बाकी सगळं बोलते — जणू त्याला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा दुकानातल्या एका इंजिनीअरला मी सगळ्यांसमोर झापलं, गिऱ्हाइकाला न विचारता फॉरमॅट मारलंसच कसं म्हणून — आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली, म्हणून असेल.

मी इंदूरला कॉम्प्युटर दुरुस्त करते. आज दुकान माझं आहे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि स्नेहलतागंजमध्ये, जिना चढून वर, गिरीश भियांच्या दुकानात नोकरीला होते. शहरातल्या कापडाच्या मिल एकेक करून बंद पडत होत्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. हार्डवेअरचं काम करणारी दुकानात मी एकटी मुलगी. लोकांच्या घरी गेले की दार उघडणारा माझ्या मागे बघायचा — खरा मेकॅनिक जिन्यावर मागे राहिलाय का! त्याचा मला असा राग यायचा की ‘मला येत नाही’ हे शब्द मी जिभेवरून काढूनच टाकले होते. आणि येत किती होतं? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली होते मी.

ओझरकर काका नंदानगरला राहायचे. तीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात होते, म्हणजे कामगारांची हजेरी मांडायचं काम. मिल बंद झाली आणि थकलेली देणी मिळवायला लोकांना आपण तिथे काम केल्याचा पुरावा द्यायची पाळी आली. कायम कामगारांकडे काही ना काही कागद होते. बदलीवाल्यांकडे काय असणार? कुणी गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरतं उभं राहायचं, अशी दहा-दहा वर्षं काढलेली माणसं. त्यांचं नाव फक्त हजेरीच्या रजिस्टरात. काकांनी मिलच्या चौकीदाराच्या हातापाया पडून एकेक रजिस्टर घरी आणलं आणि मुलाने पुण्याला जाताना मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरवर नावं उतरवायला घेतली. टायपिंग मीच शिकवलं त्यांना. एका बोटाने, वर्षभर, रोज. ती रजिस्टरं पुढे रद्दीत गेली. काकांना त्याचं फार वाटलं नाही. त्यांनी रजिस्टरांना लागलेली वाळवी पाहिली होती. कागदावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. "कॉम्प्युटरला वाळवी लागत नाही, वैजू," म्हणायचे. सगळं संपलं की एकदाच छापून घेऊ, असं ठरलेलं.

आणि मग त्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला.

मी गेले. अँटिव्हायरसची फ्लॉपी घातली, व्हायरसची फाइल सापडली, उडवली. काकू सेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची, बशी ठेवून गेल्या. मी ऐटीत मशीन पुन्हा चालू केलं — आणि काहीच उघडेना. एकही प्रोग्राम नाही. कशावरही क्लिक करा, एकच पाटी: अमुक फाइल सापडत नाही. टायपिंगचा प्रोग्राम नाही, साधं कॅल्क्युलेटर नाही. काका माझ्या खुर्चीच्या मागे उभे. त्यांचा श्वास मला मानेवर कळत होता. अर्धा तास मी उगाच इकडेतिकडे क्लिक करत राहिले, काहीतरी करतेय असं दिसावं म्हणून. हात दाखवून अवलक्षण झालं होतं — व्हायरस होता तोवर निदान मशीन चालत तरी होतं.

आता नीट ऐका. प्रोग्राम उघडत नव्हते, एवढंच झालं होतं. काकांची यादी आत जशीच्या तशी होती. कुलूप बिघडलं म्हणून घरातलं सामान जातं का? दोन फ्लॉपींवर मावली असती ती यादी. ज्या काळ्या पडद्यावर मी फॉरमॅटचा हुकूम टाइप केला, त्याच पडद्यावर आधी कॉपीचा हुकूम देता आला असता. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मनात आलं होतं. पण कॉपीचा हुकूम मला धड पाठ नव्हता, वही दुकानात राहिली होती, आणि काकांसमोर चाचपडायचं नव्हतं. काका म्हणाले, "माझी यादी तेवढी सांभाळ गं." मी म्हटलं, "हो काका, काळजी करू नका." आणि फॉरमॅट मारलं — सगळं पुसून मशीन कोरं केलं आणि प्रोग्राम नव्याने टाकले.

यादी नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी म्हटलं — व्हायरसने खाल्ली. एवढेच दोन शब्द, आणि ते इतक्या सहज आले! काका म्हणाले, "भाच्याची फ्लॉपी मीच घातली होती गं. तू बाहेरची फ्लॉपी नको म्हटलं होतंस." मी मान हलवली. खरं म्हणजे ती फ्लॉपी मी आल्या आल्याच तपासली होती. साफ होती.

तुम्ही म्हणाल, तरुण होतीस, घाबरलीस, चूक झाली. झाली. पण मला सांगायचंय ते हे नाहीच. ते पुढे आहे, आणि तिथवर यायला मी एवढा वेळ लावतेय.

आठवड्याभराने पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये कामाला गेले होते. तिथल्या सरांच्या मशीनला नेमकं तेच झालेलं, एकही प्रोग्राम उघडत नव्हता. मी काही बोलायच्या आत सरांनी एका फाइलच्या नावाचं शेपूट बदललं, exe काढून com लावलं, ती उघडली, आत एक ओळ दुरुस्त केली. पाच मिनिटं. सगळं पूर्ववत. मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, आणि कुणी फॉरमॅट मारलं असेल तर? सर हसले. "वापस आ जाता है मॅडम, काफी कुछ. सॉफ्टवेअर है मेरे पास. बस उस पर कुछ नया मत लिखना. जितना लिखोगे, पुराना उतना मिटता जाएगा."

मी तडक नंदानगरला गेले. वाटेत वाक्य जुळवत होते — काका, मशीन बंद करा, मला काहीतरी सांगायचंय. बस, एवढंच. दारात पोचले तेव्हा आतून आवाज येत होता. टक. टक. टक.

काका टाइप करत होते. आठवणीतून. तीस वर्षांची हजेरी डोक्यात होती त्यांच्या. कायम कामगार बिल्ला नंबरासकट आठवत होते. बदलीवाले कसे आठवणार? रोज बदलणारे चेहरे. त्यांनी मला अभिमानाने दाखवलं, किती नावं झाली ते. "आता दर ओळीला सेव्ह करतो, वैजू. अद्दल घडली मला." आणि माझ्यासमोर एक नाव लिहिलं, सेव्ह केलं. पुढचं लिहिलं, सेव्ह केलं. प्रत्येक सेव्हबरोबर खाली दबलेल्या जुन्या यादीतलं काहीतरी कायमचं जात होतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

खोलीत आणखी एक माणूस बसला होता — रामरतन, अकरा वर्षं बदलीवर काढलेला. टोपी मांडीवर धरून बसलेला. त्याने विचारलं, "बाबूजी, मेरा नाम तो था ना उसमें?"

काकांनी हात थांबवले. "था भैया. मैंने खुद लिखा था. मेरी ही गलती से गया."

मी तिथे उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. गिरीश भिया हसले असते, लडकी को भेजोगे तो यही होगा. मला वाटलं, आज नको, उद्या सांगते. रामरतन गेल्यावर सांगते. रामरतन गेला. काकूंनी चहा आणला. मी चहा प्यायले. काका पुन्हा टाइप करायला लागले आणि मी म्हटलं, काका, बॅकस्पेसचं बटण दाबून धरलं की अख्खी ओळ पुसली जाते. जुनं पुसणं सोपं जावं म्हणून एक धडा आणखी दिला मी त्यांना! मग निघाले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. असे दिवस सरत गेले आणि मग जाण्यात काही अर्थ उरला नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

काकांनी घरोघर जाऊन माफी मागितली. बदलीवाल्यांच्या दारात उभं राहून, त्या वयात. कुणी पाणी दिलं, कुणी शिव्या. देणी ठरवणाऱ्या कचेरीत शेवटी जी यादी दिली गेली, ती कायम कामगारांचीच. रामरतनला तिथे विचारलं, काम केल्याचा कागद आहे? नव्हता. मग तू तिथे कामाला नव्हतास, असं त्याला सांगण्यात आलं. हे मला काकांनीच सांगितलं, डोळे पुसत. माझ्यावर त्यांचा राग कधीच नव्हता. उलट नंदानगरातल्या प्रत्येक घराला त्यांनी माझं नाव सांगितलं — पोरगी हुशार आहे, प्रामाणिक आहे. माझं दुकान त्या गिऱ्हाइकांवर उभं राहिलं. काका गेले तेव्हा मी तेराव्याला जेवले.

रामरतन त्या मिलमध्ये अकरा वर्षं कामाला होता. त्याचं नाव यादीत होतं. ते व्हायरसने खाल्लं नाही आणि काकांनी घालवलं नाही. ते मी पुसलं, आणि परत आणता येत होतं तेव्हा शेजारी उभी राहून चहा प्यायले.