पहिलं उत्तर

बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला तेव्हा माझ्या इंग्रजीची काळजी घरात कोणालाच नव्हती. बाबांच्या बदल्यांमुळे चार शहरांत शिकले, पण शाळा सगळीकडे इंग्रजी माध्यमाचीच. गणितात अडशील, इंग्रजी तर घरचंच आहे, असं बाबा म्हणायचे. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्याआधी माझ्या नोकरीची ऑर्डर त्यांना हातात हवी होती.

विद्याधर नगरातल्या त्या क्लासात सगळं हिंदीतून चालायचं. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. वाक्यातली चूक ओळखा, गाळलेली जागा भरा. चारातला बरोबर पर्याय मला वाचताक्षणी कळायचा. का, ते सांगता यायचं नाही. एकदा सरांनी उभं करून कारण विचारलं. ऐकायला हेच नीट वाटतं, असं मी म्हटलं. सर वर्गाकडे वळले.

"मॅडम कॉन्व्हेंट की हैं. नियम तो हम गरीबों के लिए हैं, इनके कान ही काफी हैं."

सगळा वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं हे कोणी बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतर मी नियम पाठ करायला घेतले. पहिल्यांदा सुचलेल्या उत्तरावर खूण करायची, मग नियम आठवायचा, मग दुसऱ्या एखाद्या पर्यायालाही तो लागू पडतो का बघायचं. बघत बसलं की पडायचाच.

बाकावरची शेजारची मुलगी शहराबाहेरच्या कानोत्याहून बसने यायची. हिंदी माध्यमाची. त्या दिवशी ती हसली नव्हती. मधल्या सुट्टीत ती मला उत्तरासकट वाक्यं हळू आवाजात वाचायला लावायची आणि मागोमाग स्वतः म्हणायची. मला कंटाळा यायचा, पण नाही म्हणणं जमत नाही मला.

परीक्षेत मी दीड गुणाने राहिले. उत्तरतालिका आली तेव्हा बाबा चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसले. इंग्रजीत सहा चुका. त्यांतल्या चार ठिकाणी मी आधी बरोबर खूण केली होती, पण स्क्रीनवर फक्त शेवटचं उत्तर दिसतं.

"इंग्रजीत?" बाबा एवढंच म्हणाले.

येत नव्हतं, हे ऐकून घेता येतं. येत असून बदललं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

ती मुलगी पास झाली. घेवर मिठाईचा डबा घेऊन घरी आली. इंग्रजीचं कसं जमवलंस, असं बाबांनी कौतुकाने विचारलं.

"अंकल, दीदी जैसे पढ़ती थी, मैं मन में वैसे ही पढ़ती गई. जो पहले ठीक लगा, वही टिक किया. दीदी का पहला जवाब तो कभी गलत होता ही नहीं था."

आईने मला बशा आणायला पाठवलं. परत आले तर बाबा माझीच वाट बघत होते.

"तू उत्तरं बदललीस का गं?"

"नाही बाबा. मला ती येतच नव्हती."

त्या मुलीने घेवरचा तुकडा मोडला आणि ती बशीकडेच बघत राहिली.