आईंच्या डोळ्यातला उजेड

इथले गूढ अनुभव मी डबा खाताना वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळी होते – वारा असेल, ॲसिडिटी असेल. मुलुंडला राहते, सोसायटीची सेक्रेटरी आहे, रोजची यादी केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले.

माझा धाकटा दीर रवी पोर्ट्रेट करतो. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा आहे. उत्तरेला चौकटींची मोठी खिडकी, तेवढाच उजेड. जुन्या डच चित्रकारांचा त्याच्यावर फार पगडा. त्यांच्यासारखं एका खिडकीच्या प्रकाशात काम करायचं म्हणून त्याने ट्यूबलाइट काढूनच टाकल्यात. फोटोवरून तो काढत नाही. आणि त्याच्या सरांचा एक नियम कटाक्षाने पाळतो – डोळ्यातली चमक सगळ्यात शेवटी, माणूस समोर असताना, त्याच्या डोळ्यात बघूनच लावायची.

गेल्या थंडीत त्याने आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं चित्र काढायला घेतलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांना न्यायला गेले. कॅनव्हास मोठा, एकेक डोळा आवळ्याएवढा. ओघळलेली कानाची भोकं, हनुवटीवरचा तेल उडाल्याचा जुना डाग... आई आत्ता खाकरतील असं वाटलं.

मग डोळ्यांकडे लक्ष गेलं. त्यांत खिडकीच्या चौकटींचं प्रतिबिंब नव्हतंच. एक लांब पांढरी पट्टी, आणि तिच्याखाली वाकलेलं कुणीतरी – केस डोक्यावर उंच बांधलेले.

“रवी, ही ट्यूबलाइट कुठली? आणि ही बाई कोण?”

“कुठली बाई?” तो जवळ येऊन वाकून बघायला लागला. “वहिनी, मी खिडकी काढलीय गं.”

“मग ही काय आहे?”

त्याने टर्पेंटाइनच्या फडक्याने दोन्ही डोळे पुसले. आईंसमोर बसून पुन्हा रंग लावला. मी त्याच्या मागेच उभी होते. ब्रश चौकटी काढत होता, मी बघत होते. आम्ही दोघं मागे सरकलो... पुन्हा पट्टी. पुन्हा ती बाई.

“काय झाला गो?” आईंनी विचारलं. “माझे डोळे इतके वायट आसत?”

“नाही हो आई. झालं, उठा.”

त्या उठेनात. डाव्या हाताने उजवा हात चोळत होत्या. “मुंग्यो येतत. बसान बसान, दुसरा काय.”

“घरी नेऊन झोपव,” रवी म्हणाला. “दमलीय ती. मंगळवारी डॉक्टर आहेच ना?”

मंगळवारची अपॉइंटमेंट मीच घेतली होती. पण त्या चित्राकडे पाठ करूनसुद्धा मला तिथे उभं राहवेना. “आत्ताच्या आत्ता जायचं,” मी म्हटलं. “तू रिक्षा थांबव.”

रिक्षात आईंनी माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. माझी वेणी त्यांच्या तोंडावर येत होती, म्हणून पर्समधला क्लचर काढून मी केस वर बांधले. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी मला हाक मारायला तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. उजवा हात खाली लोंबला.

मेंदूत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा उपयोग झाला नसता. “एवढ्या लवकर कसं कळलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाताला मुंग्या आल्या होत्या. दुसरं काय सांगणार?

इंजेक्शन चालू असताना मी आईंवर वाकले. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांत वरच्या ट्यूबलाइटची लांब पट्टी, आणि तिच्याखाली वाकलेली मी... केस उंच बांधलेले.

आई आता चालतात, सगळ्यांना टोमणे मारतात. चित्रावर “माका म्हातारी करून टाकल्यान” अशी त्यांची तक्रार आहे. डोळे तसेच आहेत; रवीने पुन्हा हात लावला नाही. रवीच्या मागे उभी असलेली तूच त्या डोळ्यांत उमटली असशील, असं मैत्रीण म्हणते. असेलही. पण गाळ्यात माझी वेणी होती. केस मी रिक्षात बांधले.

आता रवीला माझं पोर्ट्रेट करायचंय. दर रविवारी ते यादीत लिहिते... आणि दर रविवारी पुढे ढकलते. माझ्या डोळ्यात काय दिसेल, ते मला बघायचं नाही.