लांबून नेम

काल दुपारी ऑनलाइन खेळात एक अनोळखी योद्धा माझ्या शेकोटीकडे यायला लागला. अंगावर जड चिलखत, त्यामुळे चाल संथ. मी सवयीने मागे सरकले आणि धनुष्य ताणलं.

हा खेळ मला धाकट्या बहिणीने फोनवरून शिकवला. "ताई, तू तिरंदाज घे," ती म्हणाली होती. "लांबून अचूक मारते. फक्त कुणाला जवळ येऊ देऊ नकोस, जवळ आलं की तिचं काही चालत नाही."

हे मला शिकवावं लागलं नाही. दाराची बेल वाजली की मी आधी टीव्हीचा आवाज बंद करते, घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून.

योद्ध्याचं उलट. तो कितीही घाव सोसतो, पण जवळ गेल्याशिवाय त्याला काहीच करता येत नाही. म्हणून बिचारा चालत राहतो.

कालचा मात्र शेकोटीपाशी थांबला. माझ्याकडे बघून त्याने हात हलवला आणि खाली बसला. मी आणखी मागे, पार टेकडीवर गेले. तो बसूनच होता. शेवटी मीही धनुष्य खाली घेऊन हात हलवला.

तिथून माझा नेम अजूनही लागला असता. हलवलेला हात मात्र एवढ्या लांबून कुणाला दिसत नाही.