लोहचुंबकाची चौकशी

लोखंडाच्या तुकड्याची चौकशी करावी ती आमच्या भाऊजींनीच. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेला बापही इतकं खोदून विचारत नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या आतेबहिणीचे यजमान. ब्रह्मपुरीत घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळामास्तर, आणि ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या मोहल्ल्याच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचो. हार्मोनियम आणि ढोलकीपुढे माझी गिटार ऐकू आली अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती. तिला पिकअप बसवावं, असं मी भाऊजींपाशी बोललो. "त्याच्यात का हाय मास्तर? गिटारीच्या तारांखाली एक चुंबक, त्याच्याभवती केसावानी बारीक तांब्याची तार गुंडाळाची. वरची तार हालली का रेडिओतून आवाज. देतो बनवून." बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला तीन आठवडे होते. पौर्णिमा आली, गेली, आणि भाऊजी अजून चुंबकच निवडत बसले होते.

निवडत म्हणजे कानाला लावून. मी मोठ्या मिनतवारीने एका बंद पडलेल्या टॉकीजच्या भोंग्याचं चुंबक आणलं. भाऊजींनी ते कानाशी धरलं, डोळे मिटले आणि परत केलं. "याच्यातून लई मानसं मेले, मास्तर." मी म्हटलं, अहो, ती सिनेमातली! "असन. पन मरनं आयकलं ना यानं?" सायकलच्या डायनामोचं चुंबक त्यांना उतावळं वाटलं. एका जीपच्या कॉईलमधली तार घाबरलेली निघाली. शेजाऱ्यांकडे जळका पंखा मागायला गेले तेव्हा त्या घरच्या म्हातारीला त्यांनी शांतपणे विचारलं, "याच्याखाली कोनी गेलं तर नाई ना?" म्हातारीने पंखाही दिला नाही आणि पुढे महिनाभर आमच्याशी बोलणंही टाकलं. नापास चुंबकं ते वेगवेगळ्या गाडग्यांत ठेवत. एकत्र ठेवली तर बोलत बसतात म्हणे. बाई, म्हणजे माझी बहीण, कपाळाला हात लावून म्हणायची, "घरातल्या मानसाईपेक्षा या गाडग्याईलेच जास्त बोलनं सुचते." भुताखेतांवर मात्र भाऊजींचा काडीचा विश्वास नव्हता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपन. भूत मी मानत नाई. लोहा मानतो," असं ते ठणकावून सांगत.

त्यांची दुसरी तऱ्हा जेवणाची. दारात कुणी हाक मारली की हातातला घास ताटात टाकून भाऊजी उठलेच. पोस्टमन असो, बांगडीवाली असो, चुकून आलेला वाटसरू असो, उष्ट्या हाताने ते दारात हजर. कल्हईवाला रस्त्याने आपल्या पोटासाठी ओरडत चालला तरी यांचा भात निवणार. "लगीन झाल्यापासून यायचं जेवन एका बैठकीत झालं नाई," बाई म्हणायची. मी हसायचो. एकदा मुद्दाम मागच्या दाराने बाहेर जाऊन "भाऊ" अशी हाक मारली, तर ते इतक्या वेगाने आले आणि त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की माझी गंमत तिथंच विरली. "तू होय," एवढंच म्हणून ते आत गेले. पुन्हा मी ती थट्टा केली नाही, पण तिच्यात एवढं काय होतं तेही मला कळलं नाही.

या सगळ्यात त्यांनी नमुन्याच्या दोन-तीन गुंडाळ्या करून पाहिल्या. शिलाई मशीनच्या चाकावर तार गुंडाळायची, शंभर फेरे झाले की वाटीत धानाचा एक दाणा टाकायचा. पहिली गुंडाळी गिटारीत बसवून जुन्या रेडिओला जोडली तेव्हा टळटळीत दुपार होती. मी तारेला हातही लावला नव्हता, आणि कोपऱ्यातल्या रेडिओतून बाईच्या बांगड्या वाजल्या. बाई गिटारीपाशी चहा ठेवत होती. मग पाल चुकचुकली, तीही रेडिओतून. "मेन नाई ना घातलं," भाऊजी म्हणाले. गुंडाळी मेणात बुडवली नाही तर आतली तार सैल राहते, थरथरते, आणि जवळचं सगळं ऐकते. एटापल्लीकडून मोहोळाचं मेण घेऊन येणारा एक माडिया म्हातारा होता. त्यानं हे पाहिलं आणि हसून म्हणाला, "मेन घाल. निजते मंग ते." भाऊजी हसले नाहीत.

शेवटी ते मला राजुऱ्याला घेऊन गेले. तिथल्या भंगारवाल्याकडे आसपासच्या खाणींचा माल यायचा. तासभर ढीग उपसल्यावर त्यांच्या हाताला एक काळा, जड टेलिफोन लागला, बाजूला फिरवायचा दांडा असलेला. भाऊजींनी दांडा फिरवला. आतली घंटी दोनदा खणखणली, आणि भाऊजी त्या भंगारावरच मटकन बसले. हा मात्र त्यांनी कानाला लावला नाही.

परतीच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन त्यांनी सांगितलं. दुकान टाकण्याआधी ते खाणीत होते, हे मला ठाऊक होतं. तब्येतीमुळे सोडली असं घरात सांगत. खाणीच्या तोंडाशी वरच्या टेलिफोनवर त्यांची ड्युटी असायची. एका दुपारी ते डबा खात असताना खालून घंटी आली. "उचलला मी. एक पोरगा होता, नवा लागलेला. 'भाऊ' म्हनला. मी म्हनलो, थांब बाबू, जेवून राह्यलो. अन् खाली ठेवला." बस खड्ड्यात आदळली. टेलिफोनची घंटी आपोआप किणकिणली तसा त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. "छत बसलं खालचं. मले कोनी काई विचारलं नाई, मास्तर. मी थांब म्हनलो म्हनून तो अजून थांबून हाय. त्याले का सांगाचं होतं, तेवढंच पाह्यजे मले." हाच का तो टेलिफोन, मी विचारलं. "नसन. पन असाच होता."

त्या टेलिफोनचं चुंबक आणि घंटीची तार यांचं पिकअप चार दिवसांत तयार झालं. इतके महिने घोळ घालणारा माणूस एक शब्द न विचारता काम करत होता. चुलीवर मेण वितळत होतं. भाऊजींनी गुंडाळी मेणात न बुडवताच गिटारीत बसवली, रेडिओ लावला आणि गिटारीच्या पोकळीवर वाकून म्हणाले, "बोल बाबू. झालं माहं जेवन. मी आयकून राह्यलो."

कोपऱ्यातून त्यांचाच आवाज आला, पण बारीक, खोल, जमिनीखालून यावा तसा. मग नुसती घूंऽऽ अशी घरघर. भाऊजी वाकलेलेच. चुलीवरचं मेण करपायला लागलं तेव्हा बाईने ते उतरवलं आणि हलकेच म्हणाली, "निजू द्या आता त्याले." भाऊजींनी होकाराची मान हलवली. गुंडाळी काढून त्यांनी स्वतःच्या हातांनी मेणात सोडली. वर येणारे बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही तिघेही बघत होतो.

त्यानंतर बाईने पानं वाढली. दुसऱ्या घासाला बाहेर कुणीतरी "भाऊ!" म्हणून हाक मारली. मला वाटलं, आज तरी बसतील. भाऊजी उठले आणि उष्ट्या हाताने दाराकडे गेले. बाईने त्यांचं ताट झाकून ठेवलं.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिटार माझ्याकडे आहे. तिचा आवाज स्वच्छ आहे, आजूबाजूचं काही तिला ऐकू येत नाही. मला त्यांची फार आठवण येते. जेवताना फोन वाजला की नातवंडं म्हणतात, वाजू द्या हो आबा, करतील पुन्हा. मी हातातला घास ताटात ठेवून उठतो.