पाठ नसलेला बाक

माझ्या मामांना चर्चमधली सगळी माणसं मामाच म्हणायची, पण पाठीमागे त्यांचं नाव होतं ‘गुण्या’. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. दाराची चौकट असो की माणूस, मामा आधी गुण्या लावून बघणार आणि केसभर फट दिसली की तोंड फिरवणार. स्वतःलाही त्यांनी कधी सूट दिली नाही, हे मात्र कबूल करायला हवं. एकदा त्यांनी केलेलं एक कपाट एका अंगाला जरा झुकलं. गिऱ्हाईक म्हणत होतं, राहू द्या मामा, आम्हाला तर दिसतसुद्धा नाही. मामांनी ते हातगाडीवर घालून परत आणलं आणि ते नीट होईपर्यंत घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मामी म्हणायची, “लग्न ठरवायला आले तेव्हा हे माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या खिडकीकडे बघत होते. तिरकी होती म्हणे.”

पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. मी वरच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे रंध्याचा आवाज आला की मामा खुशीत आहेत आणि हातोडीचा आला की नाहीत, हे मला अंथरुणातूनच कळायचं.

मामा चर्चचे पंच होते. आमच्या चर्चमध्ये एक रीत होती. कुणाच्या वागण्यात वावगं दिसलं की पंच जमायचे, हात वर करून मत द्यायचे, आणि ते माणूस ‘शिस्तीखाली’ जायचं. शिस्तीखाली गेलेल्यानं दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं तबक फिरायचं (भाकर आपली म्हणायची, असायचे पावाचे तुकडे), तेव्हा ते त्याच्यापुढे न थांबता परत जायचं. पुढे कधीतरी त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल केलं की सुटका. अडचण एवढीच होती की त्या दारातून वारा फार छान यायचा. उकाड्यात पापी आणि पुण्यवान दोघंही त्याच बाकावर डुलक्या काढायचे, आणि नवख्याला कोण कोणातला ते कळायचं नाही. तेव्हा पंचांनी ठरवलं की शिस्तीवाल्यांसाठी वेगळा बाक हवा. सुतार घरचाच होता.

मामांनी चांगलं लाकूड निवडून बाक केला. त्याला पाठ ठेवली नाही. “पश्चात्ताप करणारा माणूस टेकून बसत नाही,” असं ते म्हणाले, आणि बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. बसायची फळी त्यांनी मुद्दाम पुढच्या अंगाला किंचित उतरती ठेवली. ते डोळ्याला कळत नसे, बुडाला कळे. बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरायचा, मागे सरकायचा, परत घसरायचा. साऱ्या जन्मात जाणूनबुजून केलेलं ते त्यांचं एकच तिरकं काम, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

दारू पिऊन भांडलेला बसचालक त्या बाकावर बसला, नवऱ्याला सोडून आलेली एक नर्स बसली, आणखीही कोण कोण बसले. शेवटी ताई बसली. ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी.

तिनं जे केलं ते चूकच होतं. मी तिची सख्खी आतेबहीण आहे म्हणून त्याला साखर लावणार नाही. विजेचे मीटर तपासणारा एक माणूस आमच्याच चर्चमध्ये यायचा, बायको-मुलांचा धनी. ताई त्याच्याबरोबर निघून गेली. दोनेक वर्षं दुसऱ्या गावी राहिली. मग एक दिवस तो आपल्या घरी परतला, आणि त्याच्या मागोमाग ताईही एका पिशवीनिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. मामीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “हातपाय धू. जेवायला बस.” मामा कारखान्यात होते. ते बाहेर आले नाहीत. हातोडीचा आवाज मात्र येत राहिला.

मीटरवाला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि रडला. इतका छान रडला की पुढच्या रांगेत रुमाल निघाले. त्याची बायको तेवढी कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होती. त्याच दिवशी त्याला क्षमा झाली आणि काही दिवसांत तो गायनमंडळात परत उभा राहिला. गळा चांगला आहे त्याचा, ते नाकारून कसं चालेल.

ताईला मात्र आधी पंचांनी खोलीत बोलावलं. कुठं राहिलात, पहिल्यांदा कोण कुणाला बोललं, घरात खोल्या किती होत्या. जास्त प्रश्न कापडवाले पंच विचारत होते. त्यांच्या दुकानातली मोजपट्टी बोटभर आखूड आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधताना माणसाला स्वतःचं मुसळ जड होत नाही. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी चुकले. देवाला सांगायचं ते सगळं सांगून झालंय. तुम्हाला खोल्या कशाला मोजायच्यात?”

झालं. मत घ्यायची वेळ आली तेव्हा चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, मामांना हळूच म्हणाले, “मामा, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.” मामा थांबले नाहीत. सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर गेला. मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ताई समोरच उभी होती. तिनं तो हात पाहिला.

त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत, दोघं मामीच्या तोंडून बोलायचे. “त्यांना सांग, पाणी तापलंय.” “तिला म्हणावं, दिवा मालव.” मामी बिचारी तीन हात अंतरावर निरोप पोचवायची. दर रविवारी ताई न चुकता चर्चला जायची आणि त्या बाकावर बसायची. एकदा पाळकसाहेबांनी बायबलमधल्या, हरवून परत आलेल्या मुलाच्या दाखल्यावर उपदेश केला. बाप कसा लांबूनच ओळखून धावत गेला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढच्या बाकावर मामा ताठ बसून ऐकत होते. मागच्या बाकावर ताई ऐकत होती, घसरत होती, मागे सरकत होती. मी मधे कुठेतरी होते आणि मला राग यायचाही कंटाळा आला होता.

मी ताईला विचारलं होतं, “जातेस कशाला तिथं अपमान करून घ्यायला?”

“घर माझं आहे,” ती म्हणाली. “अंगणात बसवलं म्हणून मी काय शेजारीण झाले का?”

मग मामीचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि घरी न्या म्हणाले. मामीची खाट मागच्या खोलीत खिडकीशी घातली. तिला आवाज सोसवेना म्हणून मामांनी हातोडी बंद केली, नुसता रंधा चालवायचे, तोही हळू. ताई आईचं सगळं करायची. कूस बदलायची, पुसून काढायची, चमच्यानं पाणी पाजायची. चर्चमधून फळं घेऊन येणाऱ्या बायका मामीची चौकशी ताईला ओलांडून माझ्याकडे करायच्या.

मामीनं एकच गोष्ट मागितली. “मला प्रभुभोजन द्या,” ती म्हणाली, “पण आम्हा तिघांना एकत्र.”

पाळकसाहेब आपली छोटी पेटी घेऊन घरी आले. तरुण माणूस, वाईट मुळीच नव्हता, फक्त पंचांना भ्यायचा. त्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि मामीपुढे धरली. मामीनं मान वळवली.

“आधी तिला.”

“मामी, पंचांचा ठराव आहे,” पाळकसाहेब म्हणाले, “माझ्या हातात नाही.” आणि त्यांनी मामांकडे बघितलं. मामा भिंतीला धरून उभे होते. मामीनं ओठ मिटून घेतले. पाळकसाहेबांनी पेटी बंद केली आणि चप्पल घालताना माझी माफी मागितली. माझी कशाला मागितली, देव जाणे.

नंतरचे दिवस लांबले. मामी वाळत चालली होती, पण हट्ट वाळला नाही. मामा तिच्या उशाशी बसायचे. एकदा मी औषध द्यायला आत गेले तर ती त्यांना म्हणत होती, “अहो, तुम्ही कपाट परत आणलंत ना त्या माणसाचं? त्याला तर दिसतही नव्हतं. मग हे का नाही परत आणत?” मामा तिचा हात चोळत राहिले. माझी चाहूल लागली तशी मामी म्हणाली, “मी निरोप सांगून सांगून दमले गं. मी गेल्यावर ही दोघं बोलणार कशी?”

पाळकसाहेब पुन्हा आले. मामीच्या आवाजात आता जोर नव्हता, तिनं नुसती नजर ताईकडे वळवली. पाळकसाहेबांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी भाकरीचा एक तुकडा मामांच्या हातावर ठेवला, कारण मामांना द्यायला ठराव आड येत नव्हता. मामांनी त्या तुकड्याकडे बघितलं. ज्या हातानं मत दिलं होतं त्याच हातानं त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि एक ताईपुढे धरला. ताईनं बापाच्या तोंडाकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं, भाकर घेतली आणि खाल्ली. तेव्हा मामीनं तोंड उघडलं.

दोन दिवसांनी ती गेली.

पाळकसाहेब गप्प राहिले असते. पण मामा गप्प बसतील तर ते मामा कसले. मामीला माती दिल्यावर त्यांनी स्वतःच पंचांपुढे जाऊन सांगितलं की शिस्तीखालच्या माणसाला मी भाकर दिली. पंचांची पंचाईत झाली. नियम सगळा मामांनीच घासूनपुसून ठेवलेला. शेवटी कापडवाले म्हणाले, “मामा, रविवारी उभं राहा आणि नुसतं ‘चुकलं’ म्हणा. एक शब्द. तपशील कुणी विचारणार नाही. लगेच पुढच्या बाकावर येऊन बसा.” मला मामांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला हसू आलं, आणि हसून झाल्यावर गळून गेल्यासारखं वाटलं. तपशील नको म्हणे. ताईच्या वेळी खोल्यासुद्धा मोजल्या होत्या.

घरात आता निरोप पोचवायला मामी नव्हती. ते काम माझ्याकडे आलं. “त्यांना सांग, ताट वाढलंय.” मी जिना चढून-उतरून वैतागले होते. मामा ताटावर बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. एकदा मला म्हणाले, “ती माझ्याकडे एकदा बघेल का गं?” मी म्हणाले, “मला काय विचारता? तिच्याकडे बघून तिलाच विचारा. मी काय खिडकी आहे का?” मला त्यांची दयाही येत होती आणि रागही, आणि दोन्ही एकदम पेलत नव्हतं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. गुण्या चुकला म्हणतोय, हे ऐकायला दूरदूरचे लोक आले होते. ताई तिच्या जागी, त्या बाकाच्या मधोमध, पिशवी शेजारी ठेवून बसली होती. पाळकसाहेबांनी खूण केली तसे मामा पुढे जाऊन उभे राहिले. डोकं खाली होतं. कापडवाल्यांनी शेजारची जागा हातानं झाडून ठेवली होती.

“चुकलं,” मामा म्हणाले. कापडवाल्यांनी मान डोलावली. पण मामा तिथंच उभे राहिले. “हात वर केला, ते चुकलं. भाकर दिली, ते नाही.” मग ते शेवटच्या बाकाकडे बघून बोलले. “तुझ्या आईनं तुला जेवायला बसवलं. मी बाहेरसुद्धा आलो नाही. मला माफ कर.”

मामा मधल्या वाटेनं निघाले. झाडून ठेवलेल्या जागेवरून पुढे गेले, माझ्या बाकाशेजारून पुढे गेले. ते त्या बाकापाशी पोचले आणि उभे राहिले. ताई मधोमध बसली होती, दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा होती, माणूस बसेल एवढी कुठेच नव्हती. मामा वाट बघत होते. पाळकसाहेब गीताचं पान धरून तसेच उभे होते. मला वाटलं, ती उठून दारातून निघून जाईल. गेली असती तरी मी तिला नावं ठेवली नसती.

ती समोर बघत राहिली. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकली.

मामा बसले. आपण केलेल्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते. टेकायला गेले तर मागे काही नव्हतं, आणि सावरेपर्यंत पुढे घसरले. ताईनं त्यांचा दंड धरला.

“पाय रोवून बसा, बाबा,” ती म्हणाली. “घसरतं इथं.”

मामांनी पाय रोवले.